मोहन न घातलेली कडबोळी

आमची केतकी भांडत नाही. तिच्याशी कोणी वाईट वागलं तर ती "बरं" म्हणते आणि आपल्या कामाला लागते. समोरच्याला वाटतं, चला, मिटलं. तिथेच तो फसतो.

लहान होती तेव्हाची गोष्ट. नानाखेड्याच्या आमच्या कॉलोनीत शेजारच्या श्रीकांतने क्रिकेट खेळताना हिने लावलेलं पेरूचं रोप तुडवलं आणि वर दात काढून हसला. केतकी "बरं" म्हणाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला सगळं उज्जैन छतावर, आणि हिने सकाळपासून फक्त श्रीकांतचे पतंग कापले. बाकी कोणाच्या पतंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी तो रडकुंडीला येऊन विचारतो, "मेरे ही पीछे क्यों पड़ी है?" ही मांजा गुंडाळत म्हणाली, "पेरू."

माझ्या सुनेला, उषाला, लेकीच्या या गुणाची काळजी वाटते. मला बिल्कुल नाही, कारण गुण माझा आहे. गावच्या शाळेत धोंडूने माझी पाटी फोडली तेव्हा मीही होळीपर्यंत थांबलो होतो. पण धोंडूची गोष्ट लांब आहे. ती मी सुरू केली की उषा गॅस बघायला जाते, म्हणून राहू द्या.

केतकी आता तिशीची आहे. फ्रीगंजमध्ये विम्याच्या एका ऑफिसात नोकरी करते, आणि घरी आली की गाणी करते. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. अशा गाण्यांना इंडी गाणी म्हणतात हे तिनेच मला शिकवलं. मतलब, कोणा कंपनीच्या दारात उभं न राहता माणसाने आपल्या खोलीत बसून केलेलं गाणं, आणि मग ते मोबाइलवरून जगात सोडून दिलेलं. मला फार आवडली ही कल्पना. आमच्या गावात सगळी गाणी अशीच होत असत, फक्त मोबाइल नव्हता.

केतकी आणि तिची मैत्रीण ऋचा, दोघींनी मिळून टावर चौकाजवळ एका चहाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक इंडी गाणं आणायचं, सगळ्यांना ऐकवायचं आणि त्याला चिकटलेली आठवण सांगायची. आठवण नसेल तर गाणं वाजणार नाही, असा कडक कायदा. ऋचाचं गाणं देवास गेटच्या बस अड्ड्यावरचं होतं. धाकटा भाऊ कोट्याला शिकायला निघाला आणि बस सुटेपर्यंत दोघं एकच इयरफोन वाटून ते ऐकत उभे होते. अजून ते गाणं लागलं की तिला डिझेलचा वास येतो म्हणे. आमच्या महाराष्ट्र समाजातल्या अलकाकाकूंनी सुनेकडून एक गाणं घेतलं होतं. म्हणाल्या, "आम्ही दोघी बोलत नसलो ना, तरी हे लावून पोळ्या करतो. ती लाटते, मी भाजते. गाणं संपेपर्यंत भांडण स्थगित." माझ्याकडे गाणं नव्हतं, आठवणी तेवढ्या ढीगभर. मला कायद्यातून सूट मिळाली.

केतकी मात्र आपलं गाणं कधीच ऐकवत नसे. कारण ते दुसऱ्याच्या नावावर होतं.

त्या दुसऱ्याचं नाव अभिजीत. चांगला दिसायचा, गोड बोलायचा, संगणकावर गाणं नीट बसवायचा. लग्न ठरल्यातच जमा होतं. एका नवरात्रात तो आमच्याकडे बसला होता आणि उषा दुसऱ्या दिवशीच्या भोंडल्यासाठी कडबोळी तळत होती. आता उषाची कडबोळी म्हणजे आमच्या समाजात शेवटचा शब्द. कोणाच्या मुंजीत कडबोळी झाली तरी बायका खाऊन एकमेकींकडे बघतात, "उषासारखी नाहीत." त्या दिवशी गप्पांच्या नादात ती भाजणीत कडकडीत तेलाचं मोहन घालायचंच विसरली. कडबोळी निघाली ती दगड. अभिजीतने पहिलं तोंडात टाकलं आणि त्याच्या डाव्या दाढेचा तुकडा पडला. दातांच्या डॉक्टरकडे मीच त्याला रिक्षातून घेऊन गेलो. वाटेत धोंडूची गोष्ट सांगितली, तेवढाच त्याचा वेळ गेला.

उषा शरमून गेली. तिने सगळी कडबोळी एका स्टीलच्या डब्यात लपवली, भोंडल्याला घाईघाईने दुसरी खिरापत केली आणि आम्हां सगळ्यांना शपथ घातली. केतकीने गंमत म्हणून डबा हलवला. खड् खड्, खड् खड्. पुन्हा हलवला. मग मोबाइलवर आवाज धरला आणि त्या तालावर तिथेच गुणगुणायला लागली, "दाताखाली खडा आला, तरी घास सोडवेना." महिन्याभरात गाणं झालं. नाव ठेवलं "खडा". अभिजीतने ते संगणकावर बसवलं.

पुढे तो पुण्याला गेला, लग्नाचं बारगळलं, आणि गाणं त्याने एकट्याच्या नावाने सोडलं. गळा हिचा, नाव त्याचं. हिने फोन केला तर म्हणतो, "तू ऑफिसात नोकरी करतेस केतकी, तुला नावाचं काय करायचंय?"

केतकी म्हणाली, "बरं."

गाणं चाललं. चाललं म्हणजे धावलं. अभिजीत लोकांना सांगत सुटला की आजी गेली तेव्हा तिच्या देवघरातले नर्मदेचे गोटे त्याने डब्यात घालून हलवले, सुरुवातीची खडखड ती. आणि दाताखालचा खडा म्हणजे दुःख. लोक रडायचे. मी पण एकदा रडलो असतो, पण मला दाढ आठवली.

तीन वर्षं केतकी गप्प होती. यंदा नवरात्राच्या आधी तिने ऋचाला सांगितलं, ह्या वेळची बैठक आमच्या छतावर घेऊ, त्याच दिवशी आईचा भोंडला आहे, दोन्ही होऊन जाईल. आणि अभिजीतला पाहुणा म्हणून बोलाव. वर स्वतः फोन करून म्हणाली, "ये ना. सगळ्यांना तुझ्याच तोंडून त्या गाण्याची आठवण ऐकायची आहे." हे बोलताना आवाज इतका गोड होता की मी चहाचा कप खाली ठेवला.

भोंडल्याच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली. मी दारातच होतो.

"आई, खिरापत कडबोळ्यांची कर."

"करते की."

"मोहन न घालता."

उषाचा हात डब्यावरच थांबला. "केतकी, सगळा समाज येणार आहे. अलकाकाकू येणार. माझ्या हातची तसली कडबोळी त्यांच्यासमोर ठेवू? हसतील गं मला जन्मभर."

"हसतील," केतकी म्हणाली. "पण गाणं माझं आहे, आई. तसं तो एकदा लोकांसमोर म्हणाला पाहिजे. नाहीतर मी उद्या काहीही केलं तरी लोक विचारणार, हे पण अभिजीतकडून शिकलीस का."

उषाने डबा परत फळीवर ठेवून दिला. मला वाटलं, झालं, नाही म्हणणार. संध्याकाळी तेल तापल्याचा वास आला. मी एक कडबोळं उचलून फरशीवर टाकून पाहिलं. फरशीची काळजी वाटली.

रविवारी छत भरलं. बायकांनी पाटावर हत्ती काढून फेर धरले, गाणी म्हटली. अभिजीत रेशमी झब्बा घालून आला, माझ्या पाया पडला.

"तब्येत कशी आहे, आजोबा?"

"उत्तम. तुझी दाढ कशी आहे?"

तो हसला आणि घाईने पुढे सरकला.

ऋचाने "खडा" लावलं. मग अभिजीतने आठवण सांगितली. आजी, देवघर, नर्मदेचे गोटे, सगळं. या खेपेला आजीने शेवटच्या क्षणी त्याचा हात पण धरला, जो ती आधी धरत नव्हती. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

"छान," केतकी म्हणाली. "आता खिरापत ओळखा."

ज्यांच्या घरी भोंडला होतो त्यांना हे सांगायला नको. झाकलेला डबा हलवायचा आणि नुसत्या आवाजावरून आत काय ते बायकांनी ओळखायचं. लहानपणापासून ह्यांचे कान त्यावरच तयार झालेले. अभिजीतच्या घरी बहीण नाही, भोंडला नाही. त्याला वाटत होतं की डब्याचा आवाज म्हणजे आवाज.

केतकीने डबा हलवला. खड् खड्, खड् खड्.

कोणीच काही ओळखलं नाही. अलकाकाकूंनी मान तिरपी केली. "परत हलव गं." केतकीने हलवला. "ऋचा, ते मघाचं गाणं सुरुवातीपासून लाव बरं." गाणं लागलं. मग डबा. मग गाणं.

"हे तर तेच आहे," अलकाकाकू म्हणाल्या.

अभिजीत म्हणाला, "काकू, कुठलाही डबा हलवला तरी असंच वाजतं."

सगळ्या बायका त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, जशा भाजीत साखर घालणाऱ्याकडे बघतात.

"असं कसं," एक म्हणाली. "शंकरपाळे वेगळे वाजतात, चिवडा वेगळा वाजतो."

"मग तूच ओळख, अभिजीत," केतकी म्हणाली. "आज जो ओळखेल, गाणं त्याचं."

तो इकडेतिकडे पाहायला लागला. खरं सांगितलं तर तो त्या दिवशी ह्या घरात होता हे कबूल होणार. शेवटी हसून म्हणाला, "नर्मदेचे गोटे."

"खिरापतीला गोटे? एवढी वाईट वेळ नाही आली आमच्यावर," अलकाकाकू म्हणाल्या.

तेव्हा उषा उठली. तिने डबा केतकीच्या हातातून घेतला आणि झाकण काढून सगळ्यांसमोर धरला. "कडबोळी आहेत. माझ्या हातची. त्या वर्षी मोहन घालायला विसरले होते. काल मुद्दाम विसरले."

कोणी हसलं नाही. अलकाकाकूंनी एक उचललं, पाटावर आपटून पाहिलं आणि अदबीने परत ठेवलं.

केतकीने ताटलीत एक कडबोळं घालून अभिजीतसमोर धरलं. "घे. गाणं तुझं आहे ना, मग हे आधी खाल्लेलं असणार. परत खा."

त्याचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. छतावरच्या सगळ्यांनी पाहिलं. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "दाताखाली खडा आला," आणि बायकांमध्ये एक खसखस पिकली, ती काही केल्या थांबेना.

"उजवीकडून चाव," मी म्हटलं. "डावी दाढ नकली आहे. मीच नेलं होतं ना तुला."

ताटली तशीच पुढे होती. केतकीचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"शब्द केतकीचे आहेत," तो म्हणाला.

"मागे ऐकू नाही येत, यार," ऋचा म्हणाली.

"शब्द केतकीचे आहेत. चाल पण. आवाज काकूंच्या डब्याचा."

"आणि आजी?" अलकाकाकूंनी विचारलं.

"आजी बरी आहे. देवासला असते."

मग जे काही हसणं झालं ते खाली रस्त्यापर्यंत गेलं असणार. केतकी हसली नाही. तिने खुर्ची ओढली, त्याला बसवलं आणि म्हणाली, "मोबाइल काढ." त्याने तिथेच बसून गाण्यावरचं नाव बदललं. ती खांद्यावरून वाचत होती. "केतकी" लिहिल्यावर म्हणाली, "आईचं पण घाल. डबा, उषा." त्याने घातलं.

निघताना उषाने त्याला कडबोळ्यांचा एक पुडा बांधून दिला. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायची तिला सवय नाही. बाकी कडबोळी बायकांनीच वाटून घेतली. घरी नेऊन दाखवायला, म्हणाल्या.

जिन्यात अभिजीत थांबला. "सॉरी, केतकी. आता मिटलं ना आपलं?"

"बरं," केतकी म्हणाली.

तो सुटल्यासारखा भराभर पायऱ्या उतरला. मी आणि शेजारच्या श्रीकांतने, तोही आला होता, एकमेकांकडे पाहिलं. संक्रांतीला अजून बराच वेळ होता.