कोड आला का?

मामाच्या फोनवर दिवसभर दुसऱ्यांचे कोड येत. कुणाच्या लायसनचा, कुणाच्या ट्रकच्या नोंदणीचा, कुणाच्या विकून टाकलेल्या स्कूटरचा. कोडच्या पाठोपाठ त्या माणसाचा फोन. "मामा, कोड आला का?" मामा चष्मा कपाळावर चढवायचा, फोन नाकाजवळ धरायचा आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवायचा. काम झालं की पलीकडचा माणूस फोन ठेवून मोकळा. मामी कशी आहे, हे विचारायला एकालाही सवड नसायची.

सगळं शहर त्याला मामा म्हणायचं. खरी भाची मी एकटीच. लायसन ऑफिसच्या फाटकाबाहेर, झाडाखाली घडीचं टेबल टाकून त्याने उभी हयात काढली. लोकांचे अर्ज भरायचे, कागद लावायचे, रांगेत उभं राहायचं. पाठीमागे त्याला एजंट म्हणत आणि म्हणताना तोंड वाकडं करत. काम पडलं की मात्र मामा!

ऑफिसने मोबाइल नंबर मागायला सुरुवात केली तेव्हा मामाने स्वतःची एक पद्धत काढली. गिऱ्हाईक कुणीही असो, नंबर तो आपलाच लावायचा. "तुम्ही आज हा नंबर घेणार, उद्या तो. माझा काही बदलायचा नाही." लोकांनाही ते बरंच वाटलं, मेसेजची कटकट नको. यात धंद्याची अक्कलही होती, मी काही मामाला देव्हाऱ्यात बसवत नाही. नंबर आपला असला की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, हे त्याला बरोबर कळत होतं.

मग सगळंच ऑनलाइन झालं आणि टेबल उठलं. लोक घरबसल्या अर्ज भरायला लागले, पण शेवटच्या पायरीवर येऊन अडायचे, कारण कोड जायचा मामाकडे. एका ट्रकवाल्याने तर दारात उभं राहून तोंडसुख घेतलं, "आम्हाला बांधून ठेवलंत तुम्ही!" मी भांडायला उठले, तर मामा मलाच म्हणाला, "जाऊ दे गं. नंबर मीच लावला होता ना?" आणि त्याने कोड वाचून दाखवला.

मामीच्या किडन्या निकामी झाल्यापासून मामा तिला त्याच्या जुन्या गाडीतून डायलिसिसला नेत होता. मशीनवरून उठली की तिच्या पायांत त्राण नसायचं. भाड्याच्या गाडीची वाट बघत उभं राहणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मामा गाडी थेट दवाखान्याच्या दाराला लावायचा, मागच्या सीटवर उशी ठेवायचा आणि खड्डे चुकवत तिला घरी आणायचा. एकदा चौकात पोलिसाने अडवलं. लायसनची मुदत कधीच उलटून गेली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या मुदती सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची आठवली नव्हती. मागे मान टाकून बसलेली मामी पाहून पोलिसाने सोडलं, पण बजावून सोडलं. "काका, पुन्हा असे सापडलात तर गाडी जमा करावी लागेल."

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन मामाकडे गेले. अर्ज भरला, फोटो जोडला, बटण दाबलं. मामा फोन हातात घेऊन तयारच होता. फोन काही वाजला नाही. पडद्यावर आलं, कोड नोंदलेल्या मोबाइलवर पाठवला आहे, आणि पुढे त्या नंबराचे शेवटचे आकडे.

"मामा, हा तुझा नंबर नाही."

तो वाकून बघत राहिला आणि मग खुर्चीत मागे टेकला. "पोराचा आहे," म्हणाला.

सगळ्या शहराला स्वतःचा नंबर देणाऱ्या या माणसाने आपल्या लायसनला मात्र मुलाचा लावला होता. तेव्हा मुलाला नुकती पहिली नोकरी लागली होती, पहिला फोन घेतला होता. घरातला शिकलेला माणूस तोच, म्हणून मोठ्या कौतुकाने लावलेला नंबर! आता बाप-लेकाचं बोलणं बंद होतं. या माझ्या मामेभावाने सासरच्यांना सांगून ठेवलं होतं, वडील परिवहन खात्यात आहेत. लग्नाआधी ती मंडळी घरी आली, कुणीतरी हुद्दा विचारला, आणि मामा सरळ बोलून गेला, "खात्यात नाही हो, खात्याबाहेर. झाडाखाली." मुलाला ते फार लागलं. दुसऱ्या शहरात बिऱ्हाड थाटलं ते थाटलंच. आई मशीनवर गेली तरी तो आला नाही. मला त्याची चीड येते आणि ती लपवायची मला काही गरज वाटत नाही.

फोन करायची ती मामी. दर रविवारी दुपारी आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून बोलायची. बाहेर मामा टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि बातम्या बघितल्यासारखं करत कान तिकडे लावायचा. बाहेर आली की मामी सांगायची, "बरा आहे. तुमची चौकशी करत होता." मामा नुसता हुंकार भरायचा, पण त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवायचा.

मुलाला फोन करायला मामा तयार होईना. आधी ऑफिसात गेला. आतला कारकून ओळखीचा. त्याच्यासाठी मामाने झाडाखालून कितीदा चहा पाठवला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "मामा, नंबर बदलायचा तरी जुन्या नंबरावर कोड जाणार. नाहीतर भेटीची वेळ घ्या, ऑनलाइन." त्यासाठी पुन्हा कोड लागणारच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा "बरं" म्हणून मागे फिरला.

पुढचं डायलिसिस आलं. मामाने गल्लीबोळांतून, जीव मुठीत धरून गाडी आणली. मामी आत मशीनवर. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मामा एकदम म्हणाला, "लाव फोन. माझ्याच फोनवरून लाव." त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर सुरू केला.

पलीकडे एक बाई बोलली.

"सूनबाई का?" मामाने विचारलं. आवाज त्याने कधी नव्हे तो मऊ केला होता.

"नाही हो काका. हा नंबर माझा आहे, वर्ष होऊन गेलं. तुम्ही त्या काकूंचे मिस्टर का? रविवारी फोन करतात त्यांचे?"

मीच म्हणाले, "हो."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना, राँग नंबर आहे म्हणून. तर हळूच म्हणाल्या, ठेवू नकोस गं, बाहेर हे ऐकत बसलेत, थोडं बोल माझ्याशी. तेव्हापासून बोलतो आम्ही. कशा आहेत त्या? आज मशीनवर ना?"

वर्षभर! पोराने नंबर बदलला आणि आईला कळवण्याची तसदीही घेतली नाही. आणि मामी दर रविवारी एका परक्या बाईशी बोलून नवऱ्यासाठी मुलाची खुशाली घेऊन येत होती. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षाही कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली.

मामाने फोन माझ्या हातात दिला आणि तो भिंतीकडे बघत बसला. मी त्या बाईला सगळं सांगितलं आणि तिथूनच, माझ्या फोनवर अर्ज उघडून, पुन्हा कोड मागवला. तिने तो एकेक आकडा सावकाश, अगदी मामासारखा वाचून दाखवला. अर्ज पुढे सरकला. फोन ठेवताना ती म्हणाली, "काकूंना सांगू नका हं, मी बोलले ते."

मामीला धरून गाडीत बसवलं. उशी नीट केली. मामाने गाडी सुरू केली आणि आरशात तिच्याकडे बघितलं.

"लायसनचं काम झालं," तो म्हणाला. "कोड पोराच्या नंबरावर गेला होता. मीच फोन लावला त्याला."

मामीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही लावला? त्या नंबरावर?"

"हो. लगेच सांगितला त्याने. तुझी चौकशी करत होता. आज मशीनवर ना, म्हणाला."

मामी बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. लक्षात असतं त्याच्या."

मामाने खड्डे चुकवत गाडी घरी आणली.

रविवारी मी तिथेच होते. दुपारी मामी फोन घेऊन आत गेली आणि तिने नेहमीसारखं दार लोटलं. मामाने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.