घोसाळ्याची चिंधी

सत्तरच्या दशकात नालवाडीला भाड्यानं राहायला गेलो तेव्हा मी परसात घोसाळ्याचा वेल लावला. भाजीचा मला सोस नव्हता. फळ वेलावरच वाळलं की आत जी जाळी उरते, ती मला अंग घासायला हवी होती. वेल मात्र बेइमान निघाला. मी घातलेला मांडव सोडून कुंपणावरून शेजारणीच्या पडवीवर चढला आणि सगळी फळं तिच्याकडे धरली.

कोवळी फळं तिनं भाजीला तोडावीत, माझी ना नव्हती. राखायची चार कळावीत म्हणून त्यांच्या देठांना मी चिंध्या बांधल्या. बियाण्याच्या फळाला माझी आई अशीच खूण करायची. चिंध्या शेजारणीच्याच दोन वर्षांच्या मुलीच्या जुन्या लाल फ्रॉकच्या. तो शेजारणीनंच मला पुसायचं फडकं म्हणून दिला होता.

आठवड्याभरात दोन फळं गायब, चिंधीसकट. मग तिसरं.

माझं डोकंच फिरलं. सकाळी दात घासायच्या निमित्तानं मी कुंपणाशी उभी राहू लागले. शेजारीण नजरेला नजर देईना. रोज आमच्याकडे खेळणारी तिची मुलगीही येईनाशी झाली. विचारलं तर शेजारीण म्हणाली, ताप आहे. मी म्हटलं, हिला मन खातंय. तरी रोज तांब्याभर ताक पाठवत राहिले, मुद्दाम, ओशाळावी म्हणून.

चौथं फळ तिनं काठीनं पाडलं आणि चिमट्यात धरून चुलीकडे नेलं, ते मी पाहिलं. तशीच तिच्या दारात गेले. म्हटलं, चार फळं राखली होती, तीही तुला बघवली नाहीत का?

चिमटा हातात धरूनच ती म्हणाली, "माह्या पोरीच्या फ्राकची चिंधी माह्या दारावर काऊन बांधली तुमी? तवापासून तिचा ताप उतरूनच नाई राह्यला."

करणी! मग खूण, बियाणं, जाळी, सगळं सांगितलं. ऐकताना ती माझ्या हातांकडेच बघत होती. ताकाचं विचारलं, तर म्हणाली, "नालीत ओतलं. रोज."

आधी संताप आला. मग लाज वाटली. इतके दिवस मी तिला चोर समजत होते, तेव्हा लाज वाटली नव्हती.

माझा आवाज ऐकून मुलगी आतून आली. अंग तापलेलं, डोळे लाल. सवयीनं तिनं माझ्याकडे हात पसरले. मी तिला उचललं नाही. आधी तिच्या आईकडे पाहिलं.