उलगडेबाई

उलगडेबाई हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव लिमये. पण आपण तासभर खपून केलेला कागदाचा बगळा त्यांच्या हातात दिला, की त्या तो चष्म्यापुढे धरून सगळ्या बाजूंनी बघत आणि मग शांतपणे उलगडून टाकत. चोच, मान, पंख, सगळं पुन्हा कागदात जमा होई. त्यावर तळवा फिरवून तो सुरकुतलेला चौकोन त्या आपल्यापुढे सरकवत आणि म्हणत, "ही घडी बघ. इथे तू घाई केलीस." पहिल्यांदा माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की पुढच्या रविवारी जायचंच नाही असं ठरवून मी घरी आले. पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी मीच पोचले होते.

हे नाव त्यांना आमच्याबरोबर शिकणाऱ्या जाधव सरांनी दिलं आणि ते इतकं चपखल बसलं, की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फलकावर 'कागदकामाचा वर्ग, सौ. उलगडे यांचे घरी' असं खडूने लिहून टाकलं. बाईंनी ते जाता-येता वाचलं. "राहू दे," म्हणाल्या, "लिमयांना कोण ओळखतंय इथे?"

ते खरंच होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीच्या त्या नव्या सेक्टरमध्ये कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी रत्नागिरीकडून, कुणी सोलापूरहून. रस्ते रुंद आणि रिकामे, दुकानं मोजकी, आणि संध्याकाळी खाडीकडून येणारा वारा दारं आपटत राहायचा. मी तुर्भ्याच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. नवरा फिरतीवर. रविवारची दुपार खायला उठायची. म्हणून मी त्या वर्गाला गेले. कागदाची मला काडीची आवड नव्हती.

बाई एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी जपानहून येताना ओरिगामीचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यातलं अक्षरही बाईंना वाचता येत नव्हतं, पण बाण आणि तुटक रेषा ही त्यांच्या रोजच्या कामाची भाषा होती. तेवढ्यावर त्या शिकल्या. मग आम्हाला शिकवू लागल्या.

त्यांचं शिकवणं म्हणजे बारीकसारीक गोष्टी. घडी हवेत घालायची नाही, पाटावर कागद ठेवून घालायची. कागद आपल्याकडे ओढायचा नाही, आपल्यापासून लांब न्यायचा. नखाने दाबलं की घोटीव कागदाचा रंग उडतो, म्हणून त्यांनी करवंटीचा एक तुकडा घासून घासून गुळगुळीत केला होता, तो फिरवायचा. "कडेला कड अगदी टेकवू नकोस, शैला. केसभर आत थांब. कागदालाही जाडी असते, ती कुठेतरी मावायला हवी ना." पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेने कागद सादळून मऊ पडायचा. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे पापडांसारखा डब्यात ठेवायचा आणि तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकायची. आम्हीही एकमेकांना काय काय सांगायचो. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची फुलपाखरं छान होतात हा शोध जाधव सरांचा, जरी ते स्वतः सिगारेट ओढत नसत.

जाधव सर कोपरखैरण्याहून सायकलने यायचे. शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे परभणीकडचे. वर येणाऱ्या घडीला डोंगर आणि आत जाणाऱ्या घडीला दरी म्हणायचं, हे त्यांना भारी आवडलं होतं. "हे तर माझंच खातं झालं की, बाई," म्हणायचे. आणखी पाचसहा जण असायचे, पण नेमाने येणारे आम्ही दोघंच.

वर्ग चालू असताना बाईंचे मिस्टर आतबाहेर करत. तळोज्याच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. अंगाने उंच, थोडे वाकलेले. दार उघडून "या" म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात आवाज असा नसायचाच. मी एकदा बाईंना विचारलं, "साहेब कधी करून बघत नाहीत का?" त्या म्हणाल्या, "त्यांना कशाचंच वेड नाही. जेवतात, झोपतात, कामाला जातात. सरळ माणूस." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, कौतुक म्हणूनही नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीचं मखर आमच्या वर्गाने कागदी कमळांचं करायचं ठरलं. रोज संध्याकाळी आम्ही बाईंकडे जमू लागलो. जाधव सर बौद्ध. ते पूजेला उभे राहत नसत आणि तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. सेक्रेटरी जरा अवघडून म्हणाले, "मग सर, तुम्ही कशाला त्रास घेता?" सर म्हणाले, "कमळ आमचंही आहे की, साहेब." आणि सगळ्यांत नीट पाकळ्या त्यांच्याच उमलायच्या.

गणपती आठवड्यावर आले असताना बाईंचे मिस्टर गेले. सकाळी कंपनीच्या बसमध्ये नेहमीसारखे चढले, आणि दुपारी कारखान्यातच छातीत कळ येऊन खाली बसले ते उठलेच नाहीत. निरोप आला तेव्हा बाई त्यांच्या ऑफिसात होत्या. त्यांनी हातातली रेष पूर्ण केली, पेन पुसून ठेवलं आणि मग उठल्या, असं त्यांच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आम्हाला सांगितलं. ते सांगताना तिच्या आवाजात थोडी भीती होती.

मिरजेहून त्यांचे भाऊ आणि वहिनी आले. मी रोज जात होते. घरात चटया अंथरलेल्या, माणसं येऊन बसत, उठत. बाई भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. डोळे कोरडे. कुणी जवळ घेतलं तर घेऊ द्यायच्या. वहिनी सारख्या म्हणायच्या, "वन्सं, रडून घ्या हो. असं साठवू नये." एकदा बाई म्हणाल्या, "येत नाही तर कुठून आणू, वहिनी?" नंतर कुणी तो विषय काढला नाही.

चौथ्यापाचव्या दिवशी मी गेले तर त्या कमळ करत बसल्या होत्या. शेजारी कमळांचा हा ढीग. पाकळ्या ओढताना एकही फाटलेली नव्हती. मी जवळ बसले. कागद घेतला. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "मला काही होत नाहीये, शैला. भूक लागते. कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं. आत मात्र काही हलत नाही. मी वाट बघतेय."

संध्याकाळी सेक्रेटरी दारात आले. चपला काढू की नको अशा बेतात उभे. "बाई, गैरसमज करून घेऊ नका. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही. पण सोसायटीतल्या बायका बोलतायत. सुतकात केलेली फुलं देवापुढे... मला टेन्शन आलंय हो."

मला संताप आला. बाईंना नाही आला. त्यांनी कपाटावरच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "आधीची सगळी त्यात आहेत. घेऊन जा. ही तुमच्यासाठी नाहीत."

"मग कुणासाठी?" सेक्रेटरींच्या तोंडून निघून गेलं.

"कुणासाठीच नाही," बाई म्हणाल्या. "हात रिकामे राहत नाहीत म्हणून."

आधीची कमळं मखराला पुरली नाहीत. मी आणि जाधव सरांनी ती समोरच्या बाजूला दाट लावली आणि मागे नुसता हिरवा कागद ताणला. सगळ्यांनी वाहवा केली. बाई बघायला आल्या नाहीत, येणार नव्हत्याच. आरतीचा आवाज त्यांच्या खिडकीत ऐकू येत असेल. सर त्या वेळात त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि कागद दुमडत राहायचे.

पुढे सुतक फिटलं, भाऊ-वहिनी परत गेले, बाई कामावर जाऊ लागल्या आणि रविवारचा वर्गही सुरू झाला. वरवर सगळं पहिल्यासारखं. त्या दिवशी मी एक बदक केलं होतं. ते इतकं वाकडं झालं होतं की उभंच राहत नव्हतं. बाईंनी ते हातात घेतलं, बघितलं, "छान," म्हणाल्या आणि शेल्फवर ठेवून दिलं. जाधव सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर बाईंनी कुणाचीच घडी उलगडली नाही. कुणी काहीही केलं तरी छान. माणसं एकेक करून यायची थांबली. कुणाला वाईट वाटलं म्हणून नव्हे, तिथे बसवेना म्हणून.

हिवाळा सरत आला तेव्हा बाईंनी घर सोडून मिरजेला भावाकडे जायचं ठरवलं. मी म्हटलं, "इतकी घाई कशाला? थोडं थांबा." त्या म्हणाल्या, "थांबले की. काही आलं नाही." त्या अजून वाट बघत होत्या हे मला तेव्हा कळलं. एवढी वर्षं एकाच छताखाली राहिलेला माणूस गेला आणि आपल्याला काही वाटत नाही, म्हणजे आपणच काहीतरी कमी आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं, कपड्यांच्या घड्या करता करता. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

निघायच्या आधी कारखान्यातून निरोप आला, की साहेबांच्या लॉकरमधल्या वस्तू तशाच आहेत, कुणी येऊन घेऊन जावं. बाईंनी तळोजा कधी पाहिलं नव्हतं. जाधव सर आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. कळंबोलीच्या पुढे रस्त्याला माणूस दिसेना. दोन्ही बाजूंना भिंती, धुरांडी आणि नाकात चरचरणारा वास. गेटवर पोचलो तर आतून सामान आणायला कुणी गेलं होतं, म्हणून आम्हाला केबिनजवळच्या बाकावर बसवलं.

वॉचमन तिथल्याच जवळच्या गावातला, वयस्क माणूस. त्याने बाईंना पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी कोन साहेबांच्या?"

"लिमये."

डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली. "गानारे साहेब," तो म्हणाला.

बाईंना वाटलं काही गोंधळ झाला. "लिमये. फोरमन होते."

"हा, तेच की. उंच. जेवनाच्या सुट्टीत त्या टाकीच्या मागं बसून गायचे. पोरं डबे घेऊन तिकडंच जायची आयकाया. आता कोन नाय जात."

मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. पाण्याचा पेला तसाच धरलेला होता.

"काय गायचे?" त्यांनी विचारलं.

"भजनं. कधी नाटकातलं पन. मला त्यातलं कलत नाय. पन चांगलं वाटायचं." मग त्याने विचारलं, "घरी पन गात असतील ना?"

जाधव सर उठून दोन पावलं लांब गेले आणि पाठ करून उभे राहिले.

"आवाज कसा होता हो त्यांचा?" बाईंनी विचारलं.

वॉचमनला हा प्रश्न विचित्र वाटला असणार. पण त्याने नीट आठवून पाहिलं. "जाड होता जरा," तो म्हणाला. "पन वर गेला का बारीक व्हायचा."

तेवढ्यात एका शिपायाने पिशवी आणून दिली. स्वेटर, चपला, डबा, दाढीचं सामान. बाईंनी सही केली. आम्ही रस्त्यावर आलो आणि बसच्या खांबापाशी उभे राहिलो. पिशवी माझ्या हातात होती. बाई मध्येच खाली बसल्या, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, आणि पदर तोंडाशी धरला. आधी नुसते खांदे हलले. मग आवाज आला. मी त्यांच्याजवळ बसले. "मला कधी ऐकू आलं नाही, शैला," त्या म्हणत होत्या. "एका घरात राहून मला ऐकू आलं नाही."

ऊन चढलं होतं. बस आली, तिने वेग कमी केला. जाधव सरांनी ड्रायव्हरला हाताने जा अशी खूण केली. त्यानंतरचीही त्यांनी तशीच जाऊ दिली.

पुढे केव्हातरी आम्ही बसमध्ये चढलो. बाई खिडकीशी बसल्या, आणि तळोज्याची धुरांडी मागे पडायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. सरांनी कंडक्टरकडे दबक्या आवाजात वाशीची तीन तिकिटं मागितली. रस्ता खराब होता, गाडी आदळत होती, पण त्यांना जाग आली नाही.