बीमच्या शेपटीवर नवी आवृत्ती

रविवारी संध्याकाळी आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती सोडणार, असं आम्ही जाहीर करून बसलो होतो आणि माझ्या जिवाला घटकाभर स्वस्थता नव्हती. शेवटी पिशवीत लॅपटॉप आणि दशम्या टाकल्या आणि रविवारी सकाळी कुर्डुवाडीहून सोलापूरची गाडी धरली.

चादरीची नक्षी काढून मागाला कळेल अशी फाइल बनवणारा आमचा प्रोग्राम ओपन सोर्स आहे. म्हणजे कोड सगळ्यांचा, मालक कुणीच नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी पडतझडत हे शिकले आणि आवृत्ती कधी सोडायची ते ठरवण्याचं घोंगडं माझ्याच गळ्यात पडलं. मागच्या खेपेला घाई नडली. लोकांनी चालू ऑर्डरीतच नवी आवृत्ती घेतली आणि एकाच गठ्ठ्यातल्या चादरींना दोन तऱ्हांच्या किनारी आल्या. सोलापूरच्या भवानी पेठेत स्वतःचे माग असलेल्या पद्मक्कांनी तेव्हापासून प्रोग्राम उघडला नव्हता. त्यांचं बघून शेजारपाजारचेही जुन्या पद्धतीकडे वळले. आता पुन्हा फसलो तर पेठ कायमची हातची जाणार.

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, पण बाहेर कोण बघतंय! मी आपली लॅपटॉप उघडून बसलेली.

"मावशी, पोरगं परदेशात हाय व्हय?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"नाही हो, चादर विणायला निघालेय."

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेंगा पुढं केल्या.

स्टेशनावरून भवानी पेठेला रिक्षा करा, भाडं आधी ठरवा. पेठेत शिरलात की खटखट ऐकत चाला, वाट चुकत नाही. पद्मक्का दारातच होत्या.

"आलात? या टायमाला किनार कुटं सोडून आलात, ताई?"

मी पेनड्राइव्ह पुढं केला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "ऑर्डर हाय मागावर. ती उतरू द्या. बीमची शेपटी उरंल, तिच्यावर नमुना काढू. बिघडला तर हातभर सूत गेलं, गिऱ्हाईक न्हाय गेलं."

इथली रीतच ती. बीमवर गुंडाळलेला उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की शेवटच्या तुकड्यावर नवी नक्षी विणून बघायची. मी बसले, उठले, पुन्हा बसले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं आली (सोलापुरात ही चुकवू नका), पण माझं सगळं लक्ष मागाकडे.

"बैठो मॅडम, माग पळत नै," माग चालवणारे रशीदभाई म्हणाले.

तेवढ्यात पुण्याहून निखिलचा फोन. कोडची निम्मी बाजू हाच पोरगा सांभाळतो.

"काकू, सगळ्या चाचण्या पास. सोडू?"

"थांब जरा."

"अहो, लोक वाट बघतायत!"

दुपार कलली तेव्हा ऑर्डर उतरली. रशीदभाईंनी फाइल चढवली. वर्तुळात मोर, अशी नक्षी. ती वीत वीत वर येत गेली आणि पद्मक्का हसायला लागल्या. "मोर अंड्यातनं बाहेर आलाच न्हाय की हो!"

वर्तुळाचं उभं अंडं झालं होतं. पडद्यावर आम्ही सगळ्यांनी तपासलेलं, पण तिथं गोल तो गोलच दिसतो. कापडात मात्र बाण्याचे आडवे धागे किती दाट बसतात त्यावर आकार ठरतो, आणि नव्या आवृत्तीत दाटीचा तो आकडा फाइलपर्यंत पोचतच नव्हता.

निखिलला म्हटलं, "आज सोडायची नाही."

"पण तारीख दिलीय, काकू."

"मुहूर्त निघाला म्हणून तापानं फणफणलेल्या नवऱ्याला बोहल्यावर चढवतात होय रे?"

तो म्हणाला, "दाटीची चाचणी लिहायला घेतो."

पद्मक्कांनी नमुना कापून घडी माझ्या हातात दिली. "न्या घरी. डोळ्यापुढं ऱ्हाऊ द्या."

परतीच्या गाडीत उभ्यानंच आले, तरी पाय दुखल्याचं ध्यानात आलं नाही. त्याच आठवड्यात आम्ही नियम बदलला: तारीख जाहीर करायची नाही. आधी नमुना आवृत्ती, ती बीमच्या शेपटीवर विणून बघायची आणि मगच सगळ्यांना द्यायची. वाट बघणाऱ्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

तगमग काही गेलेली नाही. निखिलनं दुरुस्ती केलीय, पण ती खरी की खोटी ते पडदा सांगणार नाही. अंड्यातला मोर टेबलावर आहे, येताजाता त्याच्याकडे बघते. पद्मक्का पुन्हा माग देतील का, हे विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

काल त्यांचाच फोन आला.

"ताई, बीम संपत आलाय. येताय न्हवं?"

दशम्या करायला वेळ नव्हता. तशीच निघाले.