चाळीतल्या माशा आणि दादांची माती

मी पदवीधर झालो तो दादांमुळे, माझ्या थोरल्या भावामुळे. चौथीतून शाळा सोडून ते शेतात राबले, म्हणून मी शिकलो. परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर मी त्यांच्यासाठी मोठ्या कौतुकाने डीडीटीची थैली नेली. भुईमुगाला वाळवी लागत होती. दादांनी ती पावडर सढळ हाताने मातीत मिसळली.

वाळवी गेली. दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं, सोबत डबाभर माती. ‘नांगरामागं बगळे येईनात. गांडूळ दिसत नाही. औषध अजून मातीत असंल का? तिथं पोरांसाठी काकडी लावायची आहे. तू सांगशील तसं.’

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, प्रयोगशाळा बंद. मला धीर निघेना. भोईवाड्यातल्या खोलीतच बरणीत माती घातली, दहा माशा पकडून सोडल्या, तोंडाला फडकं बांधलं.

शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, “मेल्या, बाहेर मुंबई पेटलीय नि तू माशा पाळतोस?”

सकाळी दहाही माशा जिवंत. म्हणजे माती स्वच्छ! ‘खुशाल लावा,’ असं मी लगेच कळवून टाकलं.

प्रयोगशाळा उघडल्यावर ही हकिगत माशांचे पिंजरे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाला सांगितली.

“माशा कुठल्या?”

“आमच्या चाळीतल्या.”

“काय रे पदवीधर! तुमच्या चाळीत हीच पावडर फवारतात ना? ती खाऊन त्या पैलवान झाल्यात. त्या कशाला मरतात?”

मग दादांच्या मातीवर पिंजऱ्यातल्या, औषध कधी न लागलेल्या दहा माशा सोडल्या. संध्याकाळपर्यंत सात उताण्या पडल्या. पण तुलनेसाठी घेतलेल्या कुंडीतल्या साध्या मातीवरही दहांतल्या दोन मेल्या. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, “माणसाला काही होत नाही. घरात फवारतोच की आपण.” मग बगळे का येईनात? मला काहीच जुळवता येईना. त्याच दिवशी लिहिलं:

‘तीर्थरूप दादांना शिरसाष्टांग नमस्कार.
आधीचं पत्र खरं धरू नका. मी चुकीच्या माशांवर विसंबलो. औषध अजून मातीत आहे असं वाटतं. किती, ते सांगता येत नाही. काकडीत उतरतं का, तेही मला ठाऊक नाही. साहेब नाही म्हणतात, पण कशावरून ते सांगत नाहीत. बी टाकलं असेल तरी ती काकडी पोरांना देऊ नका. नवी परसात लावा, तिथं औषध पडलेलं नाही. पाणी लांबून वाहावं लागेल, ते माझ्यामुळे.
तुमचा धाकटा’