पहिला नंबर कुठल्या गाण्याचा

दादाच्या वाढदिवसाला त्याची मुलगी, माझी भाची, पुण्याहून आली ती एक मोठा खोका सांभाळत. त्यात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं आणि एकच रेकॉर्ड, आमच्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही ज्याच्यावर जीव टाकला त्या इंग्रजी रॉक बँडची. दादानं रेकॉर्डचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्येच्यावर असलं चित्र हाय व्हय. आपल्याला कधी दिसलंच न्हाई की."

खरंच दिसलं नव्हतं. आमच्याकडे होती ती कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली गाणी. दादा तेव्हा गडमुडशिंगीहून कोल्हापुरात कॉलेजला जायचा. तिथल्या एका दुकानातून त्यानं ती भरून आणली. पहिल्याच संध्याकाळी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दारातून विचारलं, "त्या माणसाला कोन मारतंय काय?" तेव्हापासून टेपरेकॉर्डर गोठ्यात गेला. म्हशींच्या रवंथात ती नऊ गाणी मी पाठ केली, शब्द फारसे न कळता. दुकानदारानं गाण्यांची नावं लिहून दिली नव्हती, म्हणून आम्हीच ती ठेवली. घंटेचं, शिट्टीचं, इंजिनाचं, रडकं.

क्रम लावायचं खूळ दादाचं. घंटेचं गाणं पहिलं, यात त्याच्या मते बोलण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या मते पहिलं होतं कॅसेटवरचं शेवटचं, कारण ते ज्या तऱ्हेनं संपायचं तसं दुसरं काही मी ऐकलं नव्हतं. गिटार ऐन रंगात आलेली असायची आणि टक्कन सगळं बंद. ना हळूहळू विरणं, ना समारोप. "ही मानसं अशीच," दादा सांगायचा, "म्हनायचं ते म्हनून झालं की गप." पुढं मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहायला गेले, तिथं खोलीतल्या मैत्रिणीला मी या शेवटावर तासभर ऐकवलं होतं. आयुष्य असंच मध्ये तुटतं वगैरे. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

आमचं एकमत एकाच गोष्टीवर होतं. कॅसेटवरचं तिसरं गाणं, म्हणजे रडकं, आमच्या क्रमात सगळ्यांत शेवटी. लांबलचक, संथ, बाई गेली म्हणून बाप्या कण्हतोय असं. कॅसेट पुढं पळवून आम्ही ते टाळायचो.

पुढं नोकऱ्या, लग्नं, पोरंबाळं. मी कोल्हापुरात बँकेत, दादा गावीच, शेती आणि दूध बघत. ती कॅसेट कधी दिसेनाशी झाली ते कुणाच्या लक्षात नाही. फोनवर हवं ते गाणं मिळायला लागलं तरी का कोण जाणे, आम्ही दोघांनीही ही नऊ शोधून ऐकली नाहीत. भांडण मात्र चालू राहिलं. दिवाळीला, राखीला, एकदा तर नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत.

तर वाढदिवसाची दुपार. मटण चुलीवर होतं. भाचीनं यंत्र पुढच्या सोप्यात मांडलं, आई खांबाला टेकून लसूण सोलत बसली. आवाज सुरू झाला आणि दादानं गुडघ्यावर ताल धरला. घंटा वाजली, शिट्टी वाजली. रडकं आलं तेव्हा दादा उठून पाणी प्यायला गेला. मग दुसरी बाजू, आणि सरतेशेवटी माझं गाणं.

गिटार रंगात आली. मी सवयीनं श्वास रोखला. गाणं थांबलं नाही. गिटार आणखी वर चढली, मग खाली उतरली, पेटीसारखं काहीतरी वाजू लागलं आणि पाच-सहा माणसं एकत्र, अगदी भजनाच्या शेवटासारखी, शांतपणे गायला लागली. दादा माझ्याकडे बघत होता, मी दादाकडे.

"आत्या, काय झालं?" भाचीनं विचारलं.

"टेप संपली हुती," दादा हळूच म्हणाला. "दुकानात भरताना टेपच संपली हुती."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. सगळा प्रकार कळल्यावर त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "वन्सं, म्हंजे इतकी वर्सं तुमी अर्ध्या गाण्यासाठी भांडत हुता."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो शेवट चांगलाच होता, माझ्या शेवटापेक्षाही. दादाला मात्र तो पटेना. "आर्धं हुतं तेच बरं हुतं," तो म्हणाला. "आता ह्येला सातवा नंबर." आयुष्यभर मी हिरिरीनं मांडलेली बाजू आता तो मांडत होता.

मग आई बोलली. लसणावरची नजर न काढता म्हणाली, "मगाशी ते तिसरं लागलं हुतं, ते परत लाव गं."

"रडकं?" दादानं विचारलं.

"तुमी दोगं भाईर गेल्यावर आबा धारंला तेच लावायचं. त्या लंगड्या म्हशीला त्याची सवं लागलीती. ते लागल्याबगार पान्हा सोडंना. गाणं संपलं की पेनशील घालून कॅसेट मागं फिरवायचं, की पुन्ना लावायचं."

"आबा?" मी म्हणाले. "कोन मारतंय म्हणणारे आबा?"

"म्हशीसाठी लावायचं, असं सांगायचं," आई म्हणाली. "म्हस इकल्यावर पन लावायचं."

भाचीनं सुई उचलून तिसऱ्या गाण्यावर ठेवली. आम्ही ते पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत ऐकलं. अजूनही लांबच वाटलं मला, पण मध्येच एका जागी गाणारा थांबतो आणि नुसता ढोल हळू वाजत राहतो, तिथं मला धारेचा आवाज आठवला, बादलीत पडणारा.

जेवताना क्रम नव्यानं लावायला घेतला. रडकं शेवटी ठेवायला दोघांचंही मन होईना, वर घ्यायलाही होईना. "म्हशीचं मत धरायचं का?" दादानं विचारलं. आई म्हणाली, "धर की. दूद कुनी दिलं?" शेवटी रडकं चौथं आलं. रस्सा दुसऱ्यांदा वाढेपर्यंत तेवढंच ठरलं.

भाची दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली आणि पोचल्यापोचल्या तिनं बापाला फोन केला. तिचा स्वतःचा क्रम झाला होता. घंटेचं गाणं तिनं आठवं टाकलं होतं. दादा फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत तिला समजावत राहिला, आणि धारेची वेळ झालेली म्हणून वहिनी बादली घेऊन एकट्याच गोठ्याकडे गेल्या.