कोंढ्याची हरकत

नागपूरहून भंडाऱ्याची बस सुटली तेव्हा मी मोठ्या खुशीत होते. काम सोपं वाटत होतं. मिचिकोला देशाबाहेर जायची परवानगी मिळवून द्यायची आणि परवा विमानात बसवायचं. मिचिको ही माझी पुण्यातली जपानी वर्गमैत्रीण. काही वर्षांपासून ती भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यात राहून विहारात मुलांना चित्रकला शिकवत होती. व्हिसा वाढवायचा अर्ज वर कुठंतरी अडकला, मुदत संपली आणि नेमके तिकडे तिचे वडील अंथरुणाला खिळले. अशा वेळी नुसतं तिकीट काढून जाता येत नाही, पोलिसांचं 'एक्झिट परमिट' लागतं. देशात यायला परवानगी लागते हे ठाऊक होतं, जायलाही लागते हे मला नवीनच!

शेजारचे आजोबा गोंदियाला लेकीकडे निघाले होते. मी उगाच म्हटलं, "आता तो जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला ना?"

"सरकारले झाला," ते म्हणाले. "माही पोरगी तिकडंच आहे. मले कायचा वेगळा?"

भंडाऱ्याच्या पोलीस कार्यालयात मिचिको माझी वाटच पाहत होती. साहेब भले गृहस्थ होते. "गावात चौकशी होऊ द्या," ते म्हणाले. "कोणाची हरकत नसली की उद्या परमिट घेऊन जा." हरकत कोण घेणार? आम्ही हसत हसत पवनीच्या बसनं कोंढ्याला निघालो.

धान कापून झालं होतं. बांद्यांमध्ये (बांध घातलेली शेतं) पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंजी) उभे होते. फोटोच्या नादात मी खिडकीबाहेर वाकले आणि माझा गॉगल तिथल्याच कुठल्या तरी बांदीला अर्पण झाला.

मिचिको कांताबाईंच्या घरी राहायची. त्यांनी पोपटाच्या शेंगांची (आपला वाल) भाजी आणि भात वाढला. दुसऱ्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मिचिको मात्र वरून आणखी मिरची मागत होती.

जेवण होतंय तोच हवालदार आले. पाहता पाहता अंगण भरलं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच शेजारचे एक काका पुढं झाले. "बाई बहुत चांगली आहे सायेब. तिले इथंच राहू द्या."

"राहू द्या, राहू द्या," सगळे म्हणाले. दरवर्षी व्हिसा वाढवताना पोलीस येत आणि गाव हेच सांगे. तोंडपाठच झालं होतं.

"अरे, या खेपेस ती देश सोडून जाऊन राहिली," हवालदार म्हणाले.

"काहून?" कांताबाई कडाडल्या. "कोनं काढलं तिले? लिहा, आमची हरकत आहे!"

हवालदारांनी खरंच पेन उघडलं. तो एक शब्द कागदावर गेला असता, तर परवाचं विमान गेलंच असतं. मी मिचिकोकडं पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. जीव लावणाऱ्या माणसांना देश सोडून जाते म्हणून सांगायचं तिच्यानं होत नव्हतं, म्हणून घरी जाऊन येते एवढंच ती बोलली होती. शेवटी मीच वडिलांचं सांगितलं.

कांताबाई तिच्याजवळ बसल्या. "बाप बोलते का?"

"फोनवर माहं नाव घेते," मिचिको म्हणाली. "बाकी काहीच नाई."

"वापस येशीन ना?"

उत्तर हवालदारांनी दिलं. "नवीन व्हिसा लागन, बाई. भेटनच असं नाई."

कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग मोठ्यानं म्हणाल्या, "लिहा सायेब. कोनाची हरकत नाई. जाऊ द्या पोरीले."

दुसऱ्या दिवशी परमिट मिळालं. त्याच्या पुढच्या दिवशी नागपूरहून विमान उडालं आणि मी कोंढ्याला फोन लावला.

"बाप भेटला का?" कांताबाईंचा पहिला प्रश्न.

"अहो, आत्ता तर विमान उडालं!"

"भेटला का सांगजो. तोवर मी जेवत नाई."

मी पुष्कळ फिरले. कुठलंही गाव सोडताना तिथल्या कोणाचा जीव अडकला असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. परतीच्या गाडीत रात्रभर फोन हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी घराचं कुलूप उघडताना मिचिकोचा निरोप आला. मी उंबऱ्यातच बसून कोंढ्याला फोन लावला.

"भेटला, कांताबाई. तिला ओळखलं त्यानं. जेवा आता."